झरजाईच्या कपाळावरचे मेण

घटस्थापनेच्या सकाळी झरवलीच्या देवळात गेलात, तर झरजाईचे कपाळ मोकळे दिसेल. अंगावर नवे लुगडे, नाकात नथ, गळ्यात झेंडूची माळ. कपाळ मात्र काळ्या दगडाचे, कोरडे. सुवासिनी ओटी घेऊन थांबलेल्या असतात. बाहेरगावची एखादी पुढे होऊन कुंकू उचलते, तेव्हा खांबाशी बसलेल्या म्हाताऱ्या द्वारकाबाई गुरव तिला अडवतात. "थांब गो, मेण येऊ दे." आणि मेण येईपर्यंत गोष्ट सांगतात.

फार पूर्वी भिवा गुरव देवीची पूजा करी. त्याचा एकुलता मुलगा खाडीत होडी उलटून गेला. मागे राहिली तरुण सून, मैना. तिला माहेरी कुणी उरले नव्हते. दगडावर कुंकू धरत नाही, म्हणून आधी मेणाचा पातळ हात द्यावा लागतो. लग्न होऊन आल्यापासून ते काम मैनेचे. पहाटे, देऊळ उघडण्याआधी, ती तळहातावर मेण मऊ करून देवीच्या कपाळाला लावायची आणि म्हणायची म्हणे, "आई, हात गार आहेत, जरा सोस."

नवरा गेला आणि गावकीने ठरवले, विधवेचा हात देवीला लागता कामा नये. खोताने भिवाला बजावले, "सुनेला गाभाऱ्यात आणलीस तर पूजा दुसऱ्या घराला देईन." हे कुठल्या पोथीत आहे, असे भिवाने विचारले. पोथी कुणी दाखवली नाही. आजवर दाखवलेली नाही.

मैना पायरीखाली बसू लागली. मेण कढवून सासऱ्याच्या हाती देई आणि तोंड फिरवी. एके दिवशी म्हणाली, "मामंजी, मी जाते कुठंतरी. तुमचा मान तरी राहील."

"मान मला पेज करून घालणार आहे का गो?" भिवा म्हणाला. "बस इथंच."

घटस्थापना आली. पहिली ओटी खोतीणबाईंची. त्यांनी देवीला कुंकू लावले, ते घसरून पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. मेण कधी लागते, कोण लावते, हे त्या बायकांना कधी कळलेच नव्हते. त्या यायच्या तेव्हा सगळे झालेले असे. देवी कोपली, अशी कुजबुज सुरू झाली.

"भिवा, हे काय?" खोत म्हणाला.

"घरची लेक बाहेर बसवलीत, मग मला कशाला नटवता, असं म्हणत असेल."

"तुझ्या कानात सांगते होय?"

"माझ्याशी कुठली बोलते? बोलायची ती मैनेशी."

मग खोतीणबाई पायऱ्या उतरून मैनेपाशी गेल्या. "चल, वर चल."

"माझा हात चालत नाही ना, बाईसाहेब?" मैना म्हणाली. जागची हलली नाही.

खोतीणबाईंनी ताटातले कुंकू बोटावर घेतले आणि सगळ्यांदेखत मैनेच्या कपाळी लावले. मेण नव्हते, तरी ते राहिले. कपाळ घामाने ओले होते.

मैना वर आली. भिवाने कमरेच्या शेल्यातून मेणाचा गोळा काढून तिच्या हातावर ठेवला. पहाटेपासून तो तिथेच होता, अंगाच्या उबेने मऊ झालेला. खोताने तो पाहिला. पण त्याची बायको मैनेचा हात धरून उभी होती. तो दारातून बाजूला झाला.

ऐकणारी विचारतेच, म्हणजे देवीचा चमत्कार नव्हताच? द्वारकाबाई म्हणतात, "जन्मभर देवीला सजवणाऱ्या माणसानं सुनेसाठी तिचं कपाळ कोरडं ठेवलं. ते त्याला सुचवलं कुणी, ते तू सांग."

आजही झरवलीत घटस्थापनेला मेण आणते ती गावातली विधवा. रांगेतली पहिली सुवासीण आधी तिला कुंकू लावते, मग मेण घेऊन ती विधवा गाभाऱ्यात जाते. गुरव बाहेर थांबतो. ओट्या घेतलेल्या बायका गप्प होतात, आणि आतून हलका आवाज येतो, "आई, हात गार आहेत, जरा सोस."