मागची जागा

त्या राज्यात करकोच्यांना दोन घरे होती आणि मध्ये डोंगर होता. थंडीआधी जो डोंगर ओलांडत नसे, तो मरे.

म्हणून पिले तळ्यावर उडण्याचा खेळ खेळत. पंख बळकट व्हावेत, एवढ्यासाठीच. तो बघायला कोणी जात नसे. पुढे एका साली दाणे फार झाले. मोठ्यांना काम उरले नाही, तेव्हा ते काठावर येऊन बसले. नुसते बसवेना. मग पहिल्या येणाऱ्या पिलाला उंचवट्यावर उभे करू लागले. बाकीची चिखलात.

भुरी चिखलातच असे. ती नेहमी दुसऱ्याच्या पंखाआड, जराशी मागून उडे. दमत नसे. उतरली की पुन्हा उडायचा हट्ट धरी.

काठावरच्या आया तिच्या आईला म्हणत, “सांजे, तुझी लेक आमच्या पोरांच्या शेपटीचा वारा खाऊनच पोट भरते का गं?”

सांजीला ते लागले. शर्यतीची पिले तयार करणाऱ्या तुऱ्यामामाकडे तिने भुरीला नेले.

“मामा, हिची खोड मोडा.”

“मोडू. पुढे कोणाची शेपटी दिसली की त्या दिवशी दाणा नाही.”

भुरी बरेचदा उपाशी झोपली. खोड मोडली. एका सकाळी ती उंचवट्यावर उभी राहिली, आणि सांजी काठावरून मान ताठ करून चालली.

थंडी आली. थवा उठला. डोंगरावरचा वारा लागताच जुने करकोचे सवयीने तिरक्या रांगेत एकामागे एक झाले. जो पुढे असे तो वारा फोडी, मागचे विसावत, मग पाळी बदले. पिले मात्र कोणी कोणाच्या मागे जाईनात. सगळी एका ओळीत, छातीवर वारा घेत उडत होती. खिंडीच्या अलीकडेच दोन खाली गेली.

सांजीने हाक मारली, “भुरे, माझ्या मागे ये.”

“नको.”

“अगं, इथं वारा लागत नाही. ये.”

“तिथून शेपटी दिसते, आई.”

सांजी सरकून तिच्या पुढे गेली. भुरी बाजूला झाली. सांजी पुन्हा पुढे आली. भुरी पुन्हा बाजूला झाली. तिचे पंख आता थरथरत होते.

खिंड अजून वर होती. सांजीच्या पंखामागे एक रिकामी जागा तिच्याबरोबर उडत होती, आणि त्या जागेत वारा नव्हता.