गुलबाक्षी परीचा एकच नियम

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी, जिथे दुपारी ढगसुद्धा डुलकी काढायला उतरायचे, तिथे एक लांबलचक दवाखाना होता. एकच मोठं दालन आणि त्यात ओळीनं मांडलेल्या खाटा. कोपऱ्यातल्या खाटेवर कुंदीची आई होती, भिवराबाई. तिच्या हातापायांतली शक्तीच गेली होती. कुंदीला आईवाचून कुणी नव्हतं. ठिगळांचा परकर नेसलेली ती एवढीशी पोर जंगलातून काटक्या आणायची, पाणी तापवायची आणि आईचं सगळं झटपट उरकायची. धसाधसा अंग पुसायची, लुगडं बदलायची, भराभरा पेज भरवायची.

आणि तरीही कुंदी आली की आई तोंड भिंतीकडे वळवायची!

मालनताई आली की मात्र आईचे डोळे उजळायचे. मालनताई म्हणजे तिथली परिचारिका. ती खाटेशी वाकून हळूच विचारायची, “भिवरामावशी, आता अंग पुसू का? की जरा वेळानं?” मग एका हातानं चादर आडवी धरायची आणि दुसऱ्या हातानं सावकाश पुसायची. किती तो वेळ लागायचा! आणि आई तिच्या हातून पेजेची वाटी शेवटच्या घोटापर्यंत संपवायची.

ते बघून कुंदीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई कुणाची, लाड कुणाचे! “म्हणे, पुसू का! माझीच आई, तिला काय विचारायचं?” ती आतल्या आत धुसफुसायची. मालनताईचं गोड हसू तिला कडू लागायचं, तिची पांढरी साडीसुद्धा डोळ्यांत खुपायची.

एका संध्याकाळी आईनं कुंदीच्या हातचा घास तोंडातच घेतला नाही. वर पुटपुटली, “मालनला बोलाव.” झालं! कुंदी तांब्या उचलून तडक बागेत गेली आणि ढसाढसा रडली. पण रडता रडताही तिला एक सुकलेलं गुलबाक्षीचं रोपटं दिसलं. तिनं तांब्यातलं उरलंसुरलं पाणी त्याच्या मुळाशी ओतलं. मत्सर होता पोरीच्या मनात, पण मन काही वाईट नव्हतं.

त्याबरोबर रोपट्यावर एक इवलीशी कळी टप्पकन उमलली. गुलाबी, पिवळी, केशरी! आणि आतून निघाली बोटाएवढी परी. तिचे पंख लुकलुकत होते आणि पायांतले चिमुकले पैंजण छुमछुमत होते.

“रडू नकोस, सोनुले,” परी म्हणाली. “या घे तीन पाकळ्या. एकेका पाकळीवर एकेक इच्छा. आजार बरा करणं वैद्यांचं काम, ते माझ्याकडे मागू नकोस. आणि नियम एकच. ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं.”

कुंदीनं नियम ऐकला, पण मनावर घेतला नाही. जळफळत ती म्हणाली, “मालनताईचे हात खरखरीत होऊ देत! आईला ते नकोसे होऊ देत!”

पाकळी काळी पडून गळून गेली.

“मालनला विचारलंस?” परीनं विचारलं.

“असं कुणी विचारतं का?” कुंदी ओशाळून म्हणाली.

मग ती पळत आईच्या खाटेशी गेली, परीही तिच्या मागोमाग. आईला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. दुसरी पाकळी हातात धरून ती ओरडली, “माझ्या आईला चमचमतं जरीचं लुगडं मिळू दे!” निळ्या-सोनेरी ठिणग्या नाचल्या, आणि भर दालनात, सगळ्यांच्या देखत, आईचं जुनं लुगडं आपोआप सुटायला लागलं!

“अगं, झाका मला! सगळी बघतायत!” आई कळवळून ओरडली. तिचे हात काही उचलेनात.

मालनताई चादर घेऊन धावली. ठिणग्या विझल्या. जरीचं लुगडं काही आलंच नाही. आई डोळे मिटून मुसमुसत होती.

कुंदी जागच्या जागी थिजली. रोज ती आईचं लुगडं असंच तर बदलत होती! भर दालनात, न विचारता, घाईघाईत. तिला इतकी लाज वाटली की कान लाल झाले. ती आईच्या उशाशी गुडघ्यांवर बसली.

“आई, चुकलं माझं. मला एकच पाकळी उरलीय. तुला काय हवंय गं?”

आईनं भिंतीकडचं तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाली, “पडदा हवाय, बाळा. खाटेभोवती. आजारी असले तरी मी बाईमाणूस आहे ना गं?”

तिसरी पाकळी कुंदीच्या मुठीत थरथरली. तिनं एकवार बाकीच्या खाटांकडे पाहिलं आणि एकेका खाटेशी गेली. “काकी, तुम्हाला पडदा हवाय का? मामा, तुम्हाला?” सगळे हो म्हणाले. खिडकीजवळचे नामाआजोबा तेवढे म्हणाले, “मला नको गं पोरी. मला रानात चरणाऱ्या गाई दिसू देत.”

मग कुंदीनं पाकळी उंच धरली. छुमछुम, लुकलुक! खाटेखाटेभोवती गुलबाक्षीच्या रंगांचे मऊ मऊ पडदे उलगडले. नामाआजोबांची खाट तेवढी मोकळी राहिली. ते गाईंकडे बघत खुशीत हसले.

परी कुंदीच्या गालाशी आली. “आता मागायला माझी गरज नाही तुला,” ती कुजबुजली. केशरी उजेडाचा एक झोत दालनभर फिरला, आणि त्यातच परी विरून गेली.

पडद्याआड आता तिघीच होत्या. मालनताईनं गरम पाण्याची बादली आणली. उत्तराची कुंदीला भीती वाटत होती, तरी तिनं विचारलंच. “आई, आज न्हाऊ कुणी घालायचं? मी, की मालनताईनं?”

“मालन,” आई म्हणाली.

कुंदीनं स्वतःच बादली मालनताईकडे सरकवली आणि ती पडदा बाजूला करून निघाली.

“कुठे चाललीस?” आईनं हाक मारली. “वेणी कोण घालणार माझी? ती तूच घालायची.”

कुंदी वळली. आईच्या केसांना हात लावण्याआधी थांबली.

“घट्ट घालू की सैल, आई?”

आणि कितीतरी दिवसांनी तिची आई हसली.