फळ्यावरचे निमंत्रण

एकदा एक तरुण संपादक हिरमुसला होऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या गावी आला. माणसाच्या अस्मितेवर त्याने एक शोधनियतकालिक काढले होते. पहिला अंक विद्वत्तापूर्ण होता. पण तो कोणी वाचलाच नाही. दुसराही असाच पडून राहिला, तर विद्यापीठ नियतकालिक बंद करणार होते.

"कोणासाठी काढलंस?" गुरुजींनी विचारले.

"सर्वांसाठी. 'मी कोण' हा प्रश्न कोणाला पडत नाही?"

गुरुजी हसले. "बरं. उद्या आपल्याकडे जेवण. चावडीच्या फळ्यावर लिहून ये, सर्वांनी यावे."

शिष्याने सुवाच्य अक्षरात लिहिले. दुसऱ्या दिवशी मोठे पातेले भरून भात शिजला, अंगणात पाने मांडली, आणि आले दोघेच. त्यांतला एक तर श्राद्ध कोणाचे आहे, एवढेच विचारायला आला होता. शिष्याला गावाचा रागच आला. विद्वानांना तो लवकर येतो.

संध्याकाळी गुरुजींनी त्याच्या हाती अक्षता दिल्या. "शेजारच्या सारजाबाईंच्या दारी जा. नाव घेऊन सांग, उद्या चूलबंद आवतण आहे." म्हणजे त्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी इकडेच जेवायचे.

सारजाबाई आल्या त्या सुना-नातवंडांना घेऊन. माहेरपणाला आलेली नणंद होती, तिच्या मैत्रिणीही होत्या. अंगण भरून गेले.

शिष्याला राहवेना. "आजी, तुम्ही फळा वाचला नव्हता का?"

"वाचला की! पण त्यात मी कुठं होते, बाबा?"

पंगत उठल्यावर गुरुजी म्हणाले, "सर्वांना बोलावणे सोपे असते, कारण कोणाच्याच दारात उभे राहावे लागत नाही. तू माणसांच्या ओळखीवर लिहितोस, पण बोलावतोस कोणाला, हेच तुला ठाऊक नाही. एकाचे दार वाजव. त्याच्यामागून जे येतील, त्यांनाही वाढ."

शिष्याला आपली एक विद्यार्थिनी आठवली. तिने स्वतःच्या वस्तीवर प्रबंध लिहिला होता आणि संकोचापोटी तो घरी कोणालाच दाखवला नव्हता. पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर त्याने छापले: 'आपल्या माणसांवर लिहिलेले आपल्याच घरी वाचून दाखवायला जे कचरतात, त्यांच्यासाठी.' अंक द्यायला तो स्वतः तिच्या घरी गेला.

तिने ती ओळ वाचली. आतून आपला प्रबंध आणून ती आईजवळ बसली.

"आई, हे आपल्यावर लिहिलंय. ऐकतेस?"

"वाच की," आई म्हणाली. "इतके दिवस कशाला थांबलीस?"