एक प्लग कमी पडला

“आणि हे काय?” बुवांनी विचारलं.

त्यांच्या चिमटीत पावट्याच्या दाण्याएवढी काळी वस्तू होती.

“कॉलर माइक, बुवा,” सुहास म्हणाला. “उपरण्याला लावायचा. तुम्ही आईला अनुग्रह द्याल ना, तो मंत्र स्वच्छ रेकॉर्ड होईल.”

“मंत्र कानात सांगायचा असतो.”

“म्हणून तर आणलाय. हा कुजबुजसुद्धा पकडतो.”

बुवांनी माइक निमूटपणे लावून घेतला, आणि सुहासला वाटलं, म्हातारा खूश झाला.

सुहास आईला, बायकोला आणि मुलीला घेऊन दोन दिवसांसाठी नदीकाठच्या या मठात आला होता. चौघांचे कपडे एका पिशवीत मावले होते. मोठी बॅग यंत्रांची होती. दोन कॅमेरे, ड्रोन, मुलीचा टॅब, पॉवर बँका, आणि सगळ्यांना पुरून उरेल असा वायरींचा गुंता. “आपलं कुठे काही अडत नाही,” असं तो निघताना शेजाऱ्यांना ऐकवून आला होता. टॉवेल मात्र चौघांत एकच आला होता.

आईचं, द्वारकाबाईंचं, वेगळं सामान काहीच नव्हतं. नवरा गेल्यापासून तिचं एकच मागणं होतं. डोळे मिटण्याआधी बुवांच्या तोंडून मंत्र मिळावा. आज तो दिवस होता. सभामंडपात माणसंही बरीच जमली होती.

सुहासने कॅमेरा सुरू केला. बुवांनी आईच्या डोक्यावरून उपरणं घेतलं, ते वाकले आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलले.

“ऐकलंत, बाई?”

आई हसली. “हो, हो.”

सुहासने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. ते हसू घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. ऐकू आलं नाही की आई असंच हसायची आणि दोनदा ‘हो’ म्हणायची.

ऐकू येण्याचं मशीन तर तिच्या कानात होतं. पण काल निजताना खोलीतला बोर्ड भरून गेला होता. माइक चार्ज करायला जागा उरली नव्हती, म्हणून सुहासने मशिनाच्या चार्जिंगच्या डबीचा प्लग काढला होता. थोड्या वेळाने परत लावू म्हणाला, आणि विसरला.

“बुवा, तिला... तिला ऐकू गेलं नाही.”

बुवांनी आईच्या डोक्यावरचं उपरणं काढून घेतलं.

“पण रेकॉर्डिंग आहे. मशीन चार्ज झालं की मी तिला ऐकवतो.”

बुवांनी माइक काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“मशीन बंद कसं पडलं?”

“मी काढला प्लग,” सुहास पुटपुटला. “यासाठी.”

“मला कशाला सांगतोस?”

सुहास आईपाशी गेला. गुडघे टेकून तिच्या कानाशी हळूच म्हणाला, “आई, चूक झाली माझी.”

आई हसली. “हो, हो.”

“मोठ्यानं,” बुवा म्हणाले.

मंडपातले सगळे बघत होते. कोपऱ्यात त्याची मुलगी टॅब मांडीवर ठेवून बसली होती, तिनेही मान वर केली. सुहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आई, तुझ्या मशिनाचा प्लग मी काढला. माझ्या माइकसाठी.”

हे मात्र मंडपाबाहेरही ऐकू गेलं असेल.

“ठाऊक आहे रे,” आई म्हणाली. “जागीच होते मी. म्हटलं, तुझं काही महत्त्वाचं असेल.”

सुहासला मान वर करवेना. खालच्या मानेनेच तो म्हणाला, “बुवा, तिला पुन्हा मंत्र द्याल ना?”

“त्यांना संध्याकाळी देईन.”

बुवांनी उपरणं झटकलं.

“आधी तू इकडे ये. कान पुढे कर.”