पंधरा पावलांवरून विचारलेले प्रश्न

एका डोंगरी खोऱ्यात एकदा साथीचा ताप आला. बाजार मिटले, एसटी थांबली, आणि ज्याच्या अंगात ताप निघेल त्याला शाळेच्या इमारतीत नेऊन वेगळे ठेवावे, असा हुकूम निघाला. खोऱ्यात सरकारी दवाखाना एकच. त्यातली एक खोली बायकांसाठी होती. तेथे बाळंतपणे होत, दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या मिळत, पाळीच्या तक्रारी ऐकल्या जात. साथ आली तेव्हा ती खोली तापाच्या रुग्णांना देण्यात आली. पुढे ती तशीच ठेवावी की बायकांना परत करावी, हा प्रश्न तालुक्याच्या अधिकाऱ्यांपुढे होता. निर्णय करण्याआधी बायकांची गरज काय आहे, याची पाहणी व्हावी असे त्यांना वाटले.

हे काम त्यांनी एका वृद्ध डॉक्टरबाईंवर सोपवले. चाळीस वर्षे खोऱ्यातली बाळंतपणे करून बाई निवृत्त झाल्या होत्या. वाड्यावाड्यांतून हिंडणे आता त्यांना झेपत नव्हते. त्यांच्या घरी राहून आरोग्यशास्त्राचा अभ्यास करणारी कौमुदी नावाची त्यांची शिष्या होती. बाईंनी पाहणी तिच्याकडे दिली.

कौमुदी कष्टाळू होती. नेमून दिलेल्या प्रश्नांची वही घेऊन ती बारा दिवस फिरली. नियम असा होता की कोणाच्या घरात पाऊल टाकायचे नाही. म्हणून ती अंगणाच्या कडेला, पंधरा पावलांवर उभी राही आणि मुखपट्टीतून ऐकू जावे अशा मोठ्या आवाजात विचारी. घरे दाखवण्यासाठी ग्रामपंचायतीचा शिपाई तुळशीराम तिच्यासोबत असे. पहिला प्रश्न तापाचा. मग पाळीचा, गोळ्यांचा, दिवस राहिल्याचा, बाळंतिणीचा. प्रश्न सुरू झाले की घरातली सगळी माणसे ओसरीवर येऊन ऐकत उभी राहत.

एकशे शहाऐंशी घरे झाली. त्यांतल्या एकशे एकाहत्तर घरांनी सांगितले, काही अडचण नाही. कौमुदीला बरे वाटले. एवढ्या संकटात निदान ही एक काळजी तरी नाही, असे तिने अहवालात लिहिले आणि वही बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती शांतपणे वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ये, एवढेच त्या म्हणाल्या.

त्या सकाळी कौमुदीचा थोरला भाऊ प्रवासाचा परवाना काढून तिच्यासाठी घरचे डाळतांदूळ घेऊन आला होता. बाईंनी त्याला ओसरीवर बसवले. तुळशीरामला वही हाती देऊन त्याच्याशेजारी उभे केले. कौमुदीला दाराशी उभे राहायला सांगितले आणि स्वतः काठी टेकत अंगणाच्या टोकाला गेल्या. तेथून त्यांनी आवाज चढवला.

"कौमुदी, गेल्या दोन महिन्यांत पाळी वेळेवर आली का? अंगावरून जास्त जातं का?"

भावाने मान खाली घातली. तुळशीराम वहीच्या कोऱ्या पानाकडे पाहत राहिला. कौमुदीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. ज्या बाईंना ती आईच्या जागी मानत होती, त्या असे का वागल्या हे तिला कळेना.

"ठीक आहे, बाई," ती कशीबशी म्हणाली. "सगळं ठीक आहे."

"लिहा, तुळशीराम," बाई म्हणाल्या. "काही अडचण नाही."

एवढे बोलून त्या आत निघून गेल्या. कौमुदी दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही. दुपारभर ती धुमसत राहिली. संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात भाजी निवडत असताना ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. घरात दुसरे कोणी नव्हते. मान वर न करता तिने सांगितले की साथ सुरू झाल्यापासून तिची पाळी बिघडली होती, मागच्या खेपेला तेरा दिवस जात राहिले होते आणि जिना चढताना तिला धाप लागत होती. बाईंनी हातातली भाजी बाजूला ठेवली. तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या पाहिल्या, चार गोष्टी विचारल्या आणि औषध दिले. सकाळच्या प्रसंगाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलण्याची गरजही उरली नव्हती. कौमुदीने अहवालाचे कागद उचलले आणि कपाटात टाकले.

दुसऱ्या दिवसापासून ती वही न घेता, तुळशीरामला न घेता, ओढ्यावर जाऊ लागली. बाया तेथे धुणे घेऊन येत. प्रत्येकीचा दगड ठरलेला, त्यामुळे अंतर आपोआप राहत असे आणि पुरुष त्या बाजूला फिरकत नसत. पहिले दोन दिवस तिच्याशी कोणी बोलले नाही. ती आली की गप्पा थांबत. तिसऱ्या दिवशी तिला पाळी आली होती. दुकाने बंद असल्यामुळे पॅड मिळत नव्हते, म्हणून तिने घरातल्या जुन्या सुती साडीच्या घड्या वापरल्या होत्या. त्या ती सर्वांदेखत धूत बसली. पलीकडच्या दगडावर चंद्राबाई नावाची एक पोक्त बाई होती. बराच वेळ पाहून ती म्हणाली की ते फडके घरात दोरीवर दडवून वाळवू नकोस, उन्हात घाल, नाहीतर खाज सुटेल. कौमुदीने विचारले, उन्हात घालायचे तरी कुठे? सगळे पुरुष आता दिवसभर घरीच आहेत.

या बोलण्यावर दोघीतिघी हसल्या आणि मग बोलत्या झाल्या. एकीच्या गोळ्या संपून दीड महिना झाला होता आणि नवरा मुंबईहून परत आला होता. एकीच्या इंजेक्शनची तारीख उलटून गेली होती. एकीला दिवस राहिल्याचा संशय होता आणि ती कसलेसे मूळ उगाळून घेण्याच्या विचारात होती. या तिघींच्याही घरी कौमुदी जाऊन आली होती. तिघींच्या नावापुढे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते, काही अडचण नाही.

बाया धुणे आटोपून निघाल्या. चंद्राबाई मात्र पिळलेले लुगडे पुन्हा पिळत मागे राहिली. सगळ्या लांब गेल्यावर तिने सांगितले की तिच्या शेजारच्या घरातली येसू नऊ दिवसांची बाळंतीण आहे. दवाखान्यातली खोली बंद म्हणून बाळंतपण घरीच झाले. दोन दिवसांपासून तिच्या अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो, अंग भट्टीसारखे तापले आहे आणि सासू दाराला आतून कडी लावून बसली आहे.

कौमुदी धावतच घरी आली. बाईंनी औषधांची पिशवी घेतली, काठी घेतली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा चढाची वाट धरली. येसूच्या सासूने, गऊबाईने, दार बोटभर उघडले आणि आतूनच सांगितले की घरात सगळे बरे आहेत. बाईंनी तापाचा विषय काढला नाही. त्यांनी हळू आवाजात विचारले, "बाळाला दूध पुरतंय का गं?"

गऊबाईचा हात कडीवरून सुटला.

"ताप म्हटलं की नेतात, बाई," ती म्हणाली. "ती शाळेत आणि लेकरू इथं. त्याला कुणाच्या अंगावर पाजू?"

बाईंनी तिला शब्द दिला की माय आणि लेकरू यांची ताटातूट होणार नाही. मग त्या आत गेल्या. येसूला धड बोलताही येत नव्हते, पण बाळ तिने घट्ट धरून ठेवले होते. वारेचा तुकडा आत राहून विषार चढला आहे, हे बाईंनी तपासताच ओळखले. तालुक्याच्या इस्पितळाची गाडी येईपर्यंत त्यांनी उपचार सुरू केले. गाडीवरच्या माणसाने ताप पाहून नियम सांगितला. बाईंनी त्याला सांगितले की हा ताप बाळंतपणाचा आहे, साथीचा नव्हे; तपासणी खुशाल करा, पण बाळ आईजवळच राहील आणि मी सोबत येते. कौमुदी आणि गऊबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिल्या.

तीन दिवस काही खरे नव्हते. चौथ्या दिवशी ताप उतरला. साथीची तपासणीही निर्दोष निघाली. अकराव्या दिवशी येसू बाळासह घरी आली तेव्हा गऊबाईने आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मगच ओवाळायचा भाकरतुकडा आणायला ती आत गेली.

कौमुदीने पाहणी नव्याने केली. ओढ्यावर, पाणवठ्यावर, सरपणाच्या वाटेवर, एकेकीला एकटे गाठून ती बोलली. नावे तिने लिहिली नाहीत. आता सव्वाशेहून अधिक बायकांनी काही ना काही गरज सांगितली. कपाटातला पहिला अहवाल आणि हे कागद, दोन्ही घेऊन दोघी तालुक्याला गेल्या. अधिकाऱ्यांनी विचारले, दोन महिन्यांत आकडा एवढा कसा बदलला, पहिला खोटा होता का? कौमुदी म्हणाली की बायकांनी खोटे सांगितले नव्हते. तिने चारचौघांत विचारले, त्यांनी चारचौघांत देता येईल असे उत्तर दिले. अधिकारी भला माणूस होता. खोली बायकांना परत मिळाली. गोळ्या घरपोच जाऊ लागल्या आणि तापलेल्या बाळंतिणीला आधी बाईमाणसाने तपासावे, असा नवा हुकूमही निघाला.

परतताना कौमुदीने बाईंना विचारले, "तुम्हाला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू प्रश्न बदलले असतेस," बाई म्हणाल्या. "आणि पुन्हा तिथेच जाऊन उभी राहिली असतीस. आपण विचारतो, तुला काय हवं. ती मनात हिशेब करत असते, हे सांगितलं तर माझं काय जाईल. येसूचं बाळ जाणार होतं, तुझी लाज जाणार होती. साथीच्या दिवसांत हे भय दसपट होतं, कारण घर माणसांनी भरलेलं असतं आणि दारात सरकार उभं असतं. ते भय आधी आपण उचलायचं. मग प्रश्न विचारायचा. पुष्कळदा विचारावाही लागत नाही."

बाईंना चढ लागला होता, म्हणून कौमुदीने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आपला वेग कमी केला.

पुढच्या मंगळवारी खोली उघडली तेव्हा ओट्यावर अकरा बाया अंतर राखून बसल्या होत्या. कौमुदीने पहिलीला आत बोलावले. मुखपट्टी नीट केली, वाऱ्यासाठी खिडकी उघडली आणि दार आतून लावून घेतले. वही टेबलावर मिटलेलीच होती. समोरची बाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि कौमुदी, कसलीही घाई नसल्यासारखी, तिच्या बोलण्याची वाट पाहत बसली.