गुंजेने न तोलणारे गाव

बंदराच्या वाटेने आलात ना, मग दुतर्फा गुंजेचे वेल पाहिलेच असतील. लाल बी, टोकाला काळा टिळा. तोंडात मात्र घालू नका, विषारी असते. जुन्या काळी सगळीकडचे सोनार याच गुंजांनी सोने तोलत. आमच्या खारवंड्यातल्या सोनारांनी ते तेव्हाच सोडले होते. मी भिकाजी पोतदार, त्याच सोनारांच्या घरातला, म्हणून कारण सांगतो.

फार पूर्वी एका चिनी गलबतावरचा सुतार तापाने फणफणला आणि गलबत त्याला इथेच ठेवून गेले. लिन त्याचे नाव. नागशेट सोनारांनी त्याला ओटीवर जागा दिली. त्यांची विधवा लेक आवडी हिने पेज पाजून त्याला उठवले. पावसाळाभर तो राहिला, घराची दारे नीट केली, आपले चार शब्द शिकला. दोघांचा एकमेकांवर जीव जडला, असे सांगतात. पण बोलायचे कोणी?

नारळी पौर्णिमा झाली आणि गलबत त्याला न्यायला आले. निघायच्या सकाळी लिनने कुंपणावरच्या मूठभर गुंजा आवडीच्या ओंजळीत ठेवल्या. त्याच्या देशातले कवी हिला विरहाचे बी म्हणतात. ती हातावर ठेवायची म्हणजे, माझा जीव तुझ्यात अडकला, असे सांगायचे. तिने मूठ मिटली असती, तर तो राहणार होता. पण सोनाराची लेक ती. तिला वाटले, बाबांसाठी वजने वेचून आणली.

"बरं झालं, कमीच पडत होत्या," म्हणाली आणि नागशेटच्या डबीत ओतून मोकळी झाली.

लिनने नमस्कार केला आणि तो गलबतावर चढला.

दोन वर्षांनी दुसरे गलबत आले. आवडीने दुभाष्याला लिनची खुशाली विचारली.

"त्यानं तिकडे संसार मांडला," दुभाषी म्हणाला. "सांगत होता, मी मन दिलं, ते तिनं काट्यावर टाकलं." मग त्याने त्या बीचा अर्थ सांगितला.

आवडी धावत घरी आली, डबी उपडी केली. सोनाराच्या गुंजा त्या, सगळ्या एकसारख्या. त्याच्या कोणत्या, ते काही केल्या कळेना. ती ढसाढसा रडली.

"बाय, सगळ्याच घे," नागशेट म्हणाले. "या घरात आता गुंजेनं तोलणार नाही."

तिने त्या बंदराच्या वाटेवर पेरल्या म्हणे. गावातल्या बाकीच्या सोनारांनीही मग गुंजा सोडल्या.

आजही खारवंड्यातून कोणी दूर निघाले की त्याच्या हातावर एक गुंज ठेवतात आणि ती कशासाठी, ते देणाऱ्याने तोंडाने सांगायचे असते. लाजायची सोय नाही. माझा मुलगा मस्कतला निघाला तेव्हा मलाही म्हणावे लागले, "तुझी फार आठवण येईल रे." एरवी मी असले बोलणारा माणूस नव्हे. एसटी वळणापलीकडे जाईपर्यंत तो खिडकीतून हात हलवत होता, आणि गुंजेवरची त्याची मूठ मिटलेली होती.