मथुरीचे शिनाणे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कोंडखारच्या खाडीवर तेव्हा पूलसुद्धा नव्हता. खरी की खोटी ते मला विचारू नका. बांध उभा आहे, त्याला विचारा.

कोंडखारची भातशेती खाडीला लागून. मधे आडोसा काय, तर एक दगडी बांध. टिकला तर भात, फुटला तर मीठ! आणि तो बहुतेक दर साली फुटायचाच. मथुरी नवी नवरी होऊन आली त्या साली तर लोंब्या भरलेलं शेत खाऱ्या पाण्यात गेलं. झालं! "पांढऱ्या पायाची गो," बायका कुजबुजल्या. गावच्या म्होरक्याने, बाबल गावकराने, सांगून टाकलं, "पुन्यांदा बांध फुटला तर धाकूची बायको म्हायेरी जाईल." तिचा नवरा धाकू मान खाली घालून बसला. मथुरीला ना आई ना बाप. जायचं कुठे बिचारीने?

रडरड रडली, आणि मग ओहोटीला बांधावर जाऊन बसू लागली. बघत बसायची खोडच होती तिला. बांधाच्या दगडांवर शिनाणे वाढायचे, हिरवट-काळे शिंपले. नारळी पुनवेआधी सगळा गाव कोयते घेऊन ते खरवडायचा. देवाचा सण, बांध नको का स्वच्छ? वर कालवणही व्हायचं.

मथुरीने एक शिनाणा ओढला. निघेना! शिंपल्यातून केसासारखे धागे निघून दगडाला चिकटले होते. आता नवलच की! डिंक पाण्यात विरघळतो, चुना वाहून जातो, काथ्या कुजतो. मग ही कसली लाळ, जी पाण्यातच घट्ट होते? तिने धागा ताणला. तो लांबला, आणि सोडताच मागे आला. घरी नेऊन वाळवला, तर काडीसारखा मोडला. म्हणजे ओल आहे तोवरच याचा जीव. मग तिने दगड हलवून पाहिले. खरवडलेले डुगडुगत होते. कोयता पोचत नव्हता तिथे शिनाण्यांची दाटी होती, तिथले मात्र एकमेकांना शिवल्यासारखे. लाटेने जरासे हलत, पुन्हा जागच्या जागी बसत.

"यंदा खरवडू नका," ती म्हणाली.

"अगो बाय, शिंपला काय गवंडी हाय?" गावकर हसला. गाव हसलं.

तिची सासू गोदी मात्र हसली नाही. "बांध फुटला तर घालवणारच ना माझ्या सुनेला, मग यंदा तिचं आयका तरी," म्हणून तिने कोयता खाली टाकला. त्या साली बांध कोणी खरवडला नाही.

भादव्याच्या अवसेला समुद्र पिसाळला. भरदिवसा अंधारून आलं. बांध तगला, पण गेल्या साली नवे दगड बसवले होते तिथे फट पडली. तिथे शिनाणे अजून धरलेच नव्हते. मथुरी टोपलीभर शिनाणे घेऊन धावली, ते फटीत ओतले आणि तिथेच हात घालून आडवी पडली. असं म्हणतात, ती ओरडली, "धरा रे बाबांनो, मला हितंच ऱ्हायचंय!" आणि असंही म्हणतात, की खाडीतले सगळे शिनाणे एकदम मिटले आणि त्यांचा आवाज डोंगरापर्यंत गेला.

ओहोटीला लोक आले. बांध उभा, शेत हिरवं, आणि मथुरीचा हात कोपरापर्यंत दगडांना शिवलेला. गावकराने कोयता उचलला.

"थांबा! धागं तोडलंत तर दगड सुटंल."

"मग तुला घरला न्यायची कशी?"

"धाडायची व्हती ना मला म्हायेरी? धाडा आता!"

गावकराने कोयता खाडीत फेकला आणि सगळ्यांदेखत हात जोडले. रडलासुद्धा म्हणतात. मग शिनाण्यांनी आपणहून एकेक धागा सोडला.

त्या बांधावरचा शिनाणा आजही कोंडखारात कोणी खात नाही. नवी नवरी आली, की सासू तिला बांधावर नेते आणि जिवंत शिनाणा तिच्या तळहाताखाली ओल्या दगडावर ठेवते. बायका उखाणे घेतात, थट्टा करतात, भरती चढत जाते. धागा तळव्याला लागला की नवरी म्हणते, "धरलंन." मग सासू, कितीही खाष्ट असो, साऱ्या गावासमोर तिला सांगते, "आता बांध फुटला तरी तू हितलीच."